‘आयुष्यभराचे ऑइल’ आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना बसणारा झटका

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. गाडी २०१५ची बीएमडब्ल्यू ५२०डी, पहिल्या मालकाकडून घेतलेली, ९४,००० किलोमीटर झालेली आणि आठवड्यातून दोनदा पुणे-मुंबई करणारी. सकाळी गाडी थंड असताना सिग्नलजवळ वेग कमी केला की तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर येताना झटका बसतो. साठ-सत्तरच्या स्थिर वेगात कधीकधी रस्त्यावरच्या रम्बल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथर जाणवते. खंडाळ्याच्या घाटात एकदा डॅशबोर्डवर ड्राइव्हट्रेनचा (इंजिन-गिअरबॉक्सचा) इशारा आला आणि गाडी बंद करून पुन्हा चालू केल्यावर तो गेला. एका वर्कशॉपने सांगितले की गिअरबॉक्सचे ऑइल ‘लाइफटाइम’ असते, त्याला हात लावायचा नसतो. दुसऱ्याने गिअरबॉक्सच बदलावा लागेल असे सांगून काही लाखांचा अंदाज हातात ठेवला. यांपैकी कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे.

आत्ता दोघांचेही ऐकू नका, असे मी म्हणेन, कारण आपण लिहिले आहे त्यावरून दोघांपैकी कोणीही ऑइलची पातळी तपासलेली नाही आणि स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कंप्युटरला जोडायच्या तपासणी यंत्रावर, गिअरबॉक्सचे आकडे वाचलेले नाहीत. स्वयंचलित गिअरबॉक्स उघडण्याच्या आणि जोडण्याच्या कामात माझी बावीस वर्षे गेली आहेत, आणि या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय दिलेला कोणताही सल्ला मी स्वतःच्या गाडीसाठी मान्य करणार नाही.

आधी ‘लाइफटाइम’ या शब्दाविषयी. आपल्या गाडीतला गिअरबॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीच्या आठ गतींच्या ८एचपी कुटुंबातला आहे. तो २००९मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सीरिजमध्ये प्रथम आला आणि पुढे जॅग्वार, लँड रोव्हर, ऑडी अशा अनेक गाड्यांत वेगवेगळ्या आकारांत बसला. ठरावीक सर्व्हिसच्या वेळापत्रकात ऑइल बदलण्याची नोंद नसणे, एवढाच ‘लाइफटाइम’चा अर्थ आहे. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान, किंवा उशिरात उशिरा आठ वर्षांनी ऑइल बदलावे असे सांगते, आणि वापर खडतर असेल तर त्याहून लवकर. उन्हाळ्यातला घाट, टोलनाक्यावरची रांग आणि मुंबईतली तास-दीड तासाची सरकती गर्दी या गोष्टी ‘खडतर’मध्ये धरायच्या की नाहीत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आपली गाडी वर्षांच्या हिशेबाने ती मर्यादा ओलांडून गेली आहे आणि किलोमीटरच्या हिशेबाने मर्यादेच्या आत येऊन उभी आहे.

या ऑइलवर इतका भर का, हे समजून घेतले तर आपल्याला वर्कशॉपमध्ये नेमके प्रश्न विचारता येतील. या गिअरबॉक्समध्ये ऑइल फक्त वंगण म्हणून नसते. पंपाचा दाब तेच पुढे नेते, तोच दाब क्लचच्या चकत्या एकमेकींवर दाबतो, तेच उष्णता वाहून नेते, आणि चकत्या एकमेकींना धरताना घसरण किती गुळगुळीत व्हावी हेही त्यातल्या रसायनांवरच ठरते. ही रसायने उष्णतेने हळूहळू संपतात. पातळी एखाद्या लिटरने कमी झाली की घाटातल्या वळणावर किंवा जोरात ब्रेक लावल्यावर पंप ऑइलबरोबर हवा ओढतो. हवा दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही. त्यामुळे क्लच जिथे एका क्षणात बसायला हवा तिथे तो थोडा उशिरा आणि मग एकदम बसतो. चालकाला तोच झटका म्हणून जाणवतो.

आता आपल्या झटक्याकडे वळू. ८एचपीमध्ये ए आणि बी हे दोन ब्रेक (चाकांचे नव्हेत, गिअरबॉक्सच्या आतले) आणि सी, डी, ई हे तीन क्लच अशी पाच धरणारी अंगे असतात, आणि कोणत्याही गिअरमध्ये यांपैकी तीन बंद (म्हणजे धरलेली) व दोन उघडी (सुटलेली) असतात. तिसऱ्या गिअरमध्ये बी, सी, ई बंद असतात आणि दुसऱ्यामध्ये ए, बी, ई. म्हणजे तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना सी सुटतो आणि ए धरतो. झटका या देवाणघेवाणीत आहे. ए खरोखरच झिजला असेल, तर तो जिथे जिथे नव्याने धरतो तिथे तिथे त्रास व्हायला हवा. सहाव्यावरून सातव्यावर जाताना ई सुटतो आणि पुन्हा ए-च धरतो. शिवाय रिव्हर्समध्ये ए, बी आणि डी तिघेही लागतात. म्हणून माझा आपल्याला पहिला प्रश्न असा, की एक्सप्रेस-वेवर सहावा जाऊन सातवा पडताना इंजिनाचे आरपीएम क्षणभर उगाच वर उसळतात का? आणि सकाळी पार्किंगमधून रिव्हर्स घेताना गाडी लगेच उचलते, की एक-दोन सेकंद थांबून धक्क्याने निघते? दोन्ही ठिकाणी सगळे सुरळीत असेल, तर ए ब्रेक जळाल्याचा निष्कर्ष टिकत नाही, आणि मग गिअरबॉक्स बदलण्याची भाषा फार घाईची ठरते. फक्त थंड असताना, फक्त वेग उतरताना आणि फक्त एकाच गिअरवर बसणारा झटका बहुतेक वेळा ऑइलची पातळी, ऑइलचे वय किंवा बिघडलेले ‘अ‍ॅडॅप्टेशन’ यांपैकी कशाचा तरी असतो.

अ‍ॅडॅप्टेशन म्हणजे गिअरबॉक्सच्या कंप्युटरने स्वतः शिकून ठेवलेले आकडे. चकत्या झिजतात, सील थोडे सैल होतात, म्हणून प्रत्येक क्लचला भरायला किती वेळ आणि किती दाब लागतो, हे तो सतत मोजून दुरुस्त करत असतो. हे आकडे चांगल्या स्कॅनरवर प्रत्येक क्लचसाठी वेगळे वाचता येतात. एखाद्याच क्लचचा आकडा बाकीच्यांपेक्षा फार दूर गेला असेल, तर बिघाड त्या अंगात आहे. सगळेच आकडे एका दिशेला सरकले असतील, तर संशय ऑइल, पातळी किंवा मुख्य दाबावर जातो. हे वाचायला गिअरबॉक्स उघडावा लागत नाही. ज्या वर्कशॉपने आपल्याला गिअरबॉक्स बदलायला सांगितले, त्यांच्याकडून या आकड्यांची छापील प्रत मागा. ती देता येत नसेल, तर तो निर्णय अंदाजाने घेतलेला आहे असे समजा.

साठ-सत्तरची थरथर हा मात्र वेगळा विषय आहे आणि मला झटक्यापेक्षा तिची काळजी जास्त वाटते. इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरच्या आत एक लॉक-अप क्लच असतो. तो इंधन वाचवण्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्स यांना थेट जोडतो, आणि आधुनिक गिअरबॉक्समध्ये तो जवळजवळ सगळ्या गिअरांत, बराच वेळ किंचित घसरत ठेवून वापरला जातो. ऑइल थकले किंवा त्या क्लचचे अस्तर चकाकून गुळगुळीत झाले, की घसरण सलग न राहता पकड-सुट, पकड-सुट अशी होते, आणि तीच रम्बल स्ट्रिपसारखी जाणवते. खात्री करायची तर स्कॅनरवर इंजिनाचे आरपीएम आणि टर्बाइनचे (कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सकडच्या चाकाचे) आरपीएम शेजारी शेजारी ठेवून गाडी चालवावी. थरथरीच्या क्षणी दोघांमधला फरक नाचत असेल, तर दोष लॉक-अपचा आहे. फरक स्थिर असेल, तर चाकांचे बॅलन्सिंग, प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा) मधला बेअरिंग, त्याच्या जोडावरची रबरी फ्लेक्स डिस्क आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग, म्हणजे त्याचा रबरी आधार, आधी पाहावे. माउंटिंग खचलेले असताना गिअरबॉक्सला दोष दिला गेल्याची उदाहरणे मी इतकी पाहिली आहेत, की ड्राइव्हमधून (डी) रिव्हर्समध्ये (आर) टाकताना खालून ‘ठक्’ असा आवाज येत असेल, तर मी आधी टॉर्च घेऊन गाडीखाली जातो आणि स्कॅनर नंतर जोडतो.

घाटातल्या इशाऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो. तो संदेश इंजिन आणि गिअरबॉक्स या दोघांसाठी सारखाच असतो. टर्बोच्या पाइपातील गळती, डिझेलचा फिल्टर, किंवा वय झालेली बॅटरी यांमुळेही तो येऊ शकतो. गाडी बंद करून संदेश गेला तरी बिघाडाचा कोड मेमरीत राहतो, म्हणून तो पुसण्याआधी वाचून लिहून घ्यायला सांगा. बॅटरी चार-पाच वर्षांहून जुनी असेल, तर बाकी काही करण्याआधी तिची तपासणी करून घ्या. व्होल्टेज खाली गेले की गिअरबॉक्सचा कंप्युटर असे कोड नोंदवतो ज्यांचा गिअरबॉक्सशी काहीही संबंध नसतो.

आता ऑइल बदलण्याच्या कामाविषयी. इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण चांगले गिअरबॉक्स याच टप्प्यावर बिघडवले जातात. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नसते. खालचे चेंबर, म्हणजे ऑइल पॅन, प्लास्टिकचे असते आणि फिल्टर त्यातच घडवलेला असतो. तो सुटा मिळत नाही, म्हणून पॅन पूर्ण नवे घ्यावे लागते. झेडएफच्या संचात पॅन, गॅसकेट, बोल्ट, प्लग आणि सात लिटर लाइफगार्ड ८ ऑइल येते. जुने पॅन धुऊन, ‘गॅसकेट चांगले आहे’ असे म्हणत परत बसवणे ही खोटी बचत आहे: उष्णतेने प्लास्टिकची कड वाकलेली असते आणि दोन महिन्यांत ती घाम सोडू लागते.

काम करणाऱ्याने सर्वांत आधी भरण्याचा प्लग सैल करून पाहावा आणि मगच खालचा प्लग उघडावा. भरण्याचा प्लग अडकून बसला आणि ऑइल मात्र सगळे खाली आले, तर गाडी लिफ्टवरच अडकते.

पॅन उतरल्यावर आपण स्वतः शेजारी उभे राहा. पॅनच्या तळाशी लोहचुंबक असतात. त्यांच्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असेल, तर ती इतक्या किलोमीटरांची नेहमीची झीज आहे. तो लेप अंगठा आणि तर्जनीत चोळून पाहा: गुळगुळीत राहिला तर ठीक, कण टोचले तर लोखंड तुटते आहे. पितळेच्या रंगाची चमक दिसली तर बुश (फिरत्या शाफ्टला आधार देणाऱ्या धातूच्या कड्या) झिजत आहेत. काळे, पापुद्र्यासारखे तुकडे दिसले आणि ऑइलला करपलेल्या अन्नासारखा वास आला, तर क्लचच्या अस्तराचा शेवट जवळ आला आहे. मी जुने ऑइल नेहमी पांढऱ्या ट्रेमध्ये ओततो आणि मालकाला दाखवतो. त्या ट्रेकडे पाहून पुढचा खर्च ठरवणे कोणत्याही दरपत्रकापेक्षा प्रामाणिक असते.

नवे पॅन बसवताना बोल्ट आडव्या-उभ्या क्रमाने, टॉर्क रेंचने, कंपनीने दिलेल्या आकड्यावरच कसावेत; एअर गनने प्लास्टिकचे पॅन कसणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका. पॅन उतरलेलेच असताना मेकॅट्रॉनिकच्या (गिअरबॉक्सचा कंप्युटर आणि वॉल्व्ह असलेल्या भागाच्या) वायरिंग कनेक्टरची प्लास्टिकची बाही आणि तिचे ओ-रिंगही बदलून घ्यावेत. ती जागा झिरपते, ऑइल घरंगळत पॅनच्या कडेला येते आणि दोष गॅसकेटला दिला जातो.

पातळी लावण्याची रीत अशी. गाडी लिफ्टवर चारही बाजूंनी समतल असावी. इंजिन बंद असताना भरण्याच्या छिद्रातून ऑइल ओघळेपर्यंत भरावे. मग इंजिन चालू करून पुन्हा ओघळेपर्यंत भरावे, कारण पंप फिरू लागला की कन्व्हर्टर आणि नळ्या ऑइल ओढून घेतात. ब्रेक दाबून रिव्हर्स आणि ड्राइव्ह, आणि हाताने पुढचे गिअर, प्रत्येकी काही सेकंद टाकून परत पार्कवर (पी) यावे. स्कॅनरवर गिअरबॉक्स ऑइलचे तापमान ३० ते ५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असताना, इंजिन चालू ठेवूनच प्लग उघडावा. बारीक धार येऊन ती थेंबांवर आली, की पातळी बरोबर. मी स्वतः ४० अंशांच्या आसपास प्लग बंद करतो. मेच्या दुपारी गाडी नुकतीच चालवून आणली असेल, तर ऑइल सत्तर-ऐंशी अंशांवर असते. त्या वेळी प्लग उघडला तर फुगलेले ऑइल बाहेर वाहून जाते, आणि गार झाल्यावर पातळी कमी भरते. म्हणून हे काम सकाळी, गाडी रात्रभर वर्कशॉपमध्ये ठेवूनच करावे.

याचे एक उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी याच वर्गातली एक गाडी माझ्याकडे आली. आधीच्या गॅरेजने ऑइल बदलले होते, आणि तेव्हापासून पहिल्या पाच मिनिटांत गिअर घसरू लागला होता. मालकाला सांगण्यात आले होते की जुन्या गिअरबॉक्सला नवे ऑइल सोसले नाही. मी ३५ अंशांवर इंजिन चालू ठेवून प्लग उघडला, तर थेंबही आला नाही. सव्वा लिटर घातल्यावर धार आली. जितके निघाले तितके मोजून भरले, आणि तेही इंजिन बंद ठेवून, एवढीच चूक होती. ती गाडी वाचली, कारण मालकाने दोन आठवड्यांत ती आणली. आणखी दोन महिने ती तशीच घाट चढली असती, तर चकत्या जळाल्या असत्या.

‘जुन्या गिअरबॉक्सचे ऑइल बदलले की तो बिघडतो’ हा समज यातूनच पसरतो, आणि त्यात थोडे तथ्यही आहे, म्हणून ते सांगायला हवे. क्लच आधीच जळत आला असेल, तर जुन्या ऑइलमध्ये तरंगणारी अस्तराची भुकटी कधीकधी त्याला उसनी पकड देत असते. नवे ऑइल ती पकड काढून घेते आणि लपलेला आजार उघड होतो. आपल्या गाडीत घसरणीचे लक्षण आपण लिहिलेले नाही, म्हणून ही भीती मी इथे धरणार नाही. मात्र मशीन लावून दाबाने फ्लश करण्याला माझा विरोध आहे: कोपऱ्यात स्थिर बसलेला गाळ तो दाब सोलेनॉइडच्या, म्हणजे ऑइलचा दाब सांभाळणाऱ्या विजेवरच्या वॉल्व्हच्या, बारीक छिद्रांकडे ढकलू शकतो. पॅनमधून निघेल तेवढेच ऑइल काढावे. कन्व्हर्टरमध्ये बरेच जुने ऑइल राहते हे खरे, पण ऑइल फार काळे निघाले तर हजार-दीड हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा काढून भरणे हा सुरक्षित मार्ग आहे. ऑइल फक्त याच गिअरबॉक्ससाठी मान्य असलेले घ्यावे. ‘सगळ्या गाड्यांना चालते’ असे लिहिलेला डबा आणि ऑइलच्या रंगावरून केलेली ओळख, दोन्ही टाळावे.

ऑइल झाल्यावर अ‍ॅडॅप्टेशन रीसेट करून गाडी काही दिवस सौम्यपणे चालवावी लागते. वेग हलक्या पायाने वाढवून, प्रत्येक गिअर वर आणि खाली पडू देऊन, मोकळ्या रस्त्यावर एक्सलरेटर सोडून गाडी आपोआप जवळजवळ थांबेपर्यंत येऊ द्यावी. हीच चाल तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येण्याचे आकडे पुन्हा शिकवते. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरांत झटके थोडे वाढल्यासारखे वाटले तरी घाबरू नये.

एवढे करूनही थरथर राहिली, तर पुढचा टप्पा टॉर्क कन्व्हर्टरचा आहे. तो कापून, लॉक-अपचे अस्तर बदलून, पुन्हा वेल्ड आणि बॅलन्स करून देणारे कारागीर मुंबई-पुण्यात आहेत, आणि हे काम नव्या गिअरबॉक्सच्या खर्चाच्या एका भागात होते. पण कन्व्हर्टरचे अस्तर झडले असेल, तर त्याची भुकटी वॉल्व्ह बॉडीत (क्लचकडे ऑइल वाटणाऱ्या भागात) आणि ऑइल कूलरमध्येही गेलेली असते. ती साफ न करता फक्त कन्व्हर्टर बदलणे म्हणजे सहा महिन्यांनी तेच काम पुन्हा करणे. झटका एकाच गिअरवर राहिला आणि त्या क्लचचा आकडाही दूरच राहिला, तर मेकॅट्रॉनिक काढून सोलेनॉइड तपासावेत. हे काम करणाऱ्याने कनेक्टरच्या पिनांना बोट लावता कामा नये, कारण अंगातली स्थिर वीज त्यातला कंप्युटर मारू शकते. पूर्ण गिअरबॉक्स काढण्याची वेळ चुंबकावर तुटके लोखंड सापडले, रिव्हर्स उचलेनासा झाला, किंवा ऑइलमध्ये पाणी वा कूलंट गेले, तरच येते. ऑइल दुधाळ दिसले, तर गाडी एक किलोमीटरही चालवू नका, कारण कूलंटमधला ग्लायकॉल चकत्यांच्या कागदी अस्तराचा गोंदच सोडवतो. पावसात तुंबलेल्या रस्त्यातून गाडी नेली असेल, तर गिअरबॉक्सच्या हवा सोडण्याच्या नळीतूनही पाणी आत जाऊ शकते, आणि मुंबईला नियमित जाणाऱ्या गाडीबाबत ही शक्यता मी कधी सोडत नाही.

हे उत्तर दुसऱ्या गिअरबॉक्सला जसेच्या तसे लावू नका. उदाहरणार्थ, ऑडीच्या काही गाड्यांत सात गतींचा ओल्या दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स असतो. त्यात क्लचचे आणि गिअरचे ऑइल वेगवेगळे असते, आणि क्लचकडचे ६०,००० किलोमीटरवर बदलावे लागते.

रोजच्या वापरातल्या दोन-तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. पार्किंगमध्ये गाडी पूर्ण थांबल्याशिवाय आरमधून डीमध्ये टाकू नये. उतारावर आधी हँडब्रेक लावून, ब्रेक सोडून गाडीचा भार त्यावर येऊ द्यावा आणि मग पी दाबावे, म्हणजे गाडी गिअरबॉक्समधल्या छोट्या खिटीवर लटकत नाही. खंडाळा उतरताना हाताने खालचा गिअर धरावा. आणि गाडी कधी बंद पडलीच, तर मागची चाके रस्त्यावर ठेवून ती ओढू देऊ नका. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही आणि आतले बेअरिंग कोरडे पडतात. गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रक येईपर्यंत थांबा.

तर क्रम असा ठेवा: आधी बॅटरी आणि कोड, मग अ‍ॅडॅप्टेशनचे आकडे छापून घेणे, मग माउंटिंग आणि फ्लेक्स डिस्क, आणि त्यानंतर पॅन, ऑइल व पातळी. हजार किलोमीटर झाल्यावर गाडी पुन्हा लिफ्टवर घेऊन पॅनच्या कडेवरून कोरडे पांढरे फडके फिरवा आणि आकडे दुसऱ्यांदा छापून घ्या. पहिले आणि दुसरे आकडे मला पाठवलेत, आणि सहाव्यावरून सातव्यावर जाताना काय होते ते कळवलेत, तर कन्व्हर्टर उघडायचा की नाही हे मी नक्की सांगू शकेन.